पेवावरचा कंदील

औरंगाबाद,
तीर १३५५ फसली
(म्हणजे आपला वैशाख)

प्रिय शरण,

पत्र बघून दचकू नकोस, माझी प्रकृती ठीक आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. बालवर्गाच्या फळ्यावर असंच काढायचं असतं म्हणून इथे घोटून घेतात, आणि चौथीनंतर तू पाटीला हात लावला नाहीस हे मला ठाऊक आहे, म्हणून राग मानू नकोस. एकच विनंती आहे. हे पत्र चावडीवर नेऊन कुणाकडून वाचून घेऊ नकोस. दोन दिवस लागले तरी लागू देत, रानात बांधावर बसून तूच वाच. एखादा शब्द अडला तर सोडून पुढे जा, पण शेवटपर्यंत जा.

मास्तरकीचं ट्रेनिंग संपलं. वर्षभरात सात वह्या भरल्या. मुलाला कसं बसवावं, खडू कसा धरावा, रागवायचं कधी आणि किती, सगळं लिहून दिलंय. आमचे एक वयस्कर उस्ताद आहेत, फार गोड बोलतात. ते म्हणतात, मुलाला जे माहीत आहे तिथून सुरुवात करा आणि हळूहळू माहीत नसलेल्याकडे न्या. मी हे वहीत उतरवलं आणि मला आपली शाळा आठवली. घरात कानडी, गल्लीत मराठी, आणि वर्षातून एकदा साहेब तपासणीला आला की उर्दू. कागदोपत्री चौथीपर्यंत सगळं मराठीतून होतं, पण साहेब ऐकायचा तो उर्दूचा धडा, आणि त्यावरच मास्तरची बढती ठरायची. मग मास्तर बिचारा वर्षभर दुसरं काय शिकवणार? उर्दूवर माझा राग नाही. आता मला ती कळते आणि आवडतेही. पण तेव्हा आपण तिचे नुसते आवाज पाठ करत होतो. तुझ्या धाकट्या भावाने, गुंडप्पाने, एकदा पुस्तक उलटसुलट करून तुला विचारलं होतं, "अण्णा, ह्ये कुनाच्या घरी बोलत्यात?" तू त्याच्या टाळक्यात मारलीस. मीही हसलो होतो.

आठ वर्षांचं पोर, पण रास मोजायला बसलं की मोठ्यांच्या आधी पायल्या सांगायचं. बैल विकत घेताना तुझे वडील त्याला सोबत न्यायचे, कारण तो जनावराच्या डोळ्यांत बघून खोड ओळखायचा. हे कुठल्या तपासणीत विचारतात? धडा म्हणता येत नाही म्हणून तो ढ. आपल्या महारुद्र मास्तरांनी त्याला ढ म्हटलं, आपण म्हटलं, आणि मग त्यालाही ते पटलं. एखाद्या मुलाला आपण ढ आहोत हे पटवणं किती सोपं असतं, हे माझ्या सात वह्यांत कुठेही लिहिलेलं नाही.

गेल्या महिन्यात माझ्या परीक्षेचा पाठ होता. खऱ्या वर्गावर शिकवायचं आणि मागे तिघे परीक्षक बसणार. आदल्या दिवशी त्या शाळेच्या हेडमास्तरांनी मला बाजूला घेऊन समजावलं की तिसऱ्या बाकावरचा सुताराचा पोरगा बोलताना अडखळतो, उद्या त्याला रजा द्या, उगाच पाठ बिघडायचा. शरण, मी दिली. तो पोरगा घरी गेलाच नाही. पाऊण तास शाळेबाहेर लिंबाखाली पाटी घेऊन उभा राहिला, आणि मी शिकवता शिकवता खिडकीतून त्याला बघत होतो. माझ्या पाठाला 'उत्तम' शेरा मिळाला. बाकीचे पेढे मागायला लागले. इतकं शिकून मी तिथेच येऊन पोचलो होतो, जिथे महारुद्र मास्तर बारा वर्षांपूर्वी होते.

त्या भाद्रपदाबद्दल आपण दोघे कधीच बोललो नाही. आज बोलतो. तुला आठवतं ते बहुतेक एवढंच असेल की साहेब नळदुर्गाहून टांग्याने यायचा होता आणि आपण पहिल्या ओळीत इस्त्री केल्यासारखे बसलो होतो. दरवर्षी मास्तर कच्च्या मुलांना त्या दिवशी नदीकडे पाठवून द्यायचे. गावात हे सगळ्यांना माहीत होतं, कुणालाच वावगं वाटत नव्हतं. त्या वर्षी नदीला पाणी होतं. गल्लीत सोडली तर दंगा करतील, साहेबाला दिसतील. म्हणून मास्तरांना शाळेमागचं पाटलांचं पेव, ते जमिनीतलं धान्याचं खोल कोठार, सुचलं. धान्य काढून तीन दिवस झाले होते, झाकणाची शिळा बाजूलाच होती. सहा पोरं तासभर आत बसतील, आवाज बाहेर यायचा नाही. आपल्याकडची लहान पोरं ज्वारी काढायला पेवात उतरतातच, त्यांना त्याची भीती कसली? तळाला पाणी मुरून ज्वारी कुजली होती आणि तिची विषारी हवा आत साठली होती, हे वरून कुणाला दिसणार?

त्यानंतरचं तुझ्या आईने, लक्ष्मम्मांनी, अख्ख्या गावाला रडून सांगितलं आहे, ते मी पुन्हा लिहीत नाही. पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. गुंडप्पा पहिला उतरला आणि खाली आडवा झाला. वर पाच पोरं पेवाच्या तोंडाशी उभी होती. साहेब जाईपर्यंत आवाज करायचा नाही अशी मास्तरांची ताकीद होती, आणि त्यांना वाटलं, तो आवाज होऊ नये म्हणूनच निजलाय. ती पाचही जणं तशीच गप्प उभी राहिली. भिंतीच्या अलीकडे मी धडा म्हणत होतो. साहेबाने माझी पाठ थोपटली आणि शेरेबुकात लिहिलं की शाळेत शिस्त चांगली आहे.

तुमच्या रीतीप्रमाणे त्याला बसवून माती दिली. मातीआधी लक्ष्मम्मांनी त्याची पाटी मांडीवर ठेवली आणि मला विचारलं, महांता, ह्यावर काय लिहिलंय? त्यावर तोच उर्दूचा धडा होता, चुकीचा उतरवलेला. मी सांगितलं, त्याचं नाव आहे. आई बराच वेळ त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या.

गावाने महारुद्र मास्तरांना दोष दिला. कंदील न सोडता पोरं पेवात घातली, असं पाटील म्हणाले, आणि सगळ्यांनी तेच धरलं. पेवात माणूस उतरवण्याआधी जळता कंदील दोरीने सोडून बघायचा, विझला तर उतरायचं नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. शिकलेल्या मास्तराला कळलं नाही, असं लोक बोलले. तू त्यांच्या दारावर दगड मारलेस. मी तुझ्या शेजारी उभा होतो, आणि एक दगड मीही मारला. मास्तर काहीच बोलले नाहीत. नोकरी गेली, बायकोला घेऊन ते आपल्या गावी, ईटला निघून गेले. तू शाळा सोडलीस, बाकीच्यांनीही हळूहळू सोडली, आणि शाळेला कुलूप लागलं. साहेबाने एका मुलासाठी वजीफा ठेवला होता, तो मला मिळाला. त्यावर मी धाराशिवला शिकलो, पुढे इथवर आलो.

दिवाळीच्या सुट्टीत मी ईटला गेलो होतो. मास्तर दोन वर्षांपूर्वी वारले. मथुराबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, एका खोलीत राहतात. त्यांनी मला ओळखलं, गुळाचा चहा दिला. नोकरी गेल्यावर मास्तर भूमच्या बाजारात लोकांचे अर्ज लिहून देत आणि आपण स्वतः जाऊन का बघितलं नाही, हे शेवटपर्यंत स्वतःशीच बडबडत, असं त्यांनी सांगितलं. मग त्या मला म्हणाल्या, "म्या लई डाव म्हनलं, खरं काय ते सांगा की गावाला. तर म्हनायचे, त्या पोराचं नाव घिऊ नगंस, त्याला शिकू दे."

शरण, ते पोर मी.

मास्तरांनी कंदील मलाच दिला होता. पोरं यायच्या आधी मी एकटाच पेवावर गेलो. कंदील सोडला, तो निम्म्यात विझला. मला वाटलं, वारा लागला असेल. पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला, पुन्हा तिथेच विझला. तेवढ्यात टांग्याचे घुंगरू ऐकू आले. साहेब ज्याला आधी उभा करील त्याच्याकडे वजीफा जाणार, असं मास्तर म्हणाले होते, आणि आपल्या दोघांत उन्नीस-बीस होतं. मी जागेवर नसतो तर त्याने तुला उभा केला असता. मी पळत आलो आणि मास्तरांना सांगितलं की कंदील जळतोय. मग तुझ्या शेजारी येऊन बसलो. तू माझी टोपी सरळ केलीस.

हे मी कधीच सांगितलं नसतं, इतका मी भित्रा आहे. इथेच कुठेतरी नोकरी धरून राहिलो असतो. पण परवा हुकूम आला. आपल्या गावची शाळा पुन्हा उघडते आहे आणि मास्तर म्हणून माझी नेमणूक झाली आहे. सोबत गावाच्या अर्जाची नक्कल होती. त्यात लिहिलंय की आमच्या गावचा महांतप्पा मास्तर मिळाला तरच आम्ही मुलं पाठवू, दुसऱ्या कुणाचा आम्हाला भरवसा नाही. खाली अंगठे आहेत, आणि सही एकच आहे, वाकडीतिकडी, तुझी. नावापुढे तू लिहिलंस, मुलगी जगदेवी, वय सहा. बारा वर्षांनी तू लेखणी धरलीस ती माझ्यावर विश्वास ठेवायला. मृगाच्या आधी मी येतो. पहिल्या दिवशी कुलूप काढून पायरीवर बसेन. तू पोरीला घेऊन येशील, एकटा येशील, की गाव घेऊन येशील, ते तू ठरव, मी उठून जाणार नाही. पण तिचं बोट माझ्या हातात देण्याआधी तुला हे माहीत असायला हवं होतं, म्हणून लिहिलं.

तुझाच म्हणवून घ्यायला न लाजणारा,
महांतप्पा