हिला कुणी विचारलंय?

३ मार्च

‘ताई, माझ्या वतीनं तू बोलायचं नाही.’ धाकटी सात वर्षांची असताना म्हणाली होती, दातांच्या दवाखान्यात. तिचा कुठला दात दुखतो, ते मीच सांगत बसले होते.

आज बोलावंच लागलं. परवा तिच्या डोक्यात रक्तस्राव झाला. आज डॉक्टरांनी दुसऱ्यांदा तपासलं – मेंदू मृत. म्हणजे ती गेली. छाती हलते ती यंत्रामुळे. पोटातलं बाळ मात्र जिवंत आहे, सहावा महिना. यंत्रं चालू ठेवली तर वाढेल कदाचित.

तिचा नवरा म्हणाला, ‘ठेवा चालू.’ मी म्हणाले, ‘नाही.’ सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिला मारलं.

५ मार्च

डॉक्टर म्हणाले, ‘खात्री नाही. जंतुसंसर्ग झाला तर दोघंही—’ दोघं म्हणजे कोण? मेलेलीला मोजायचं की नाही, ते एकदा ठरवा.

आई म्हणाली, ‘अगं, जीव आहे तो.’

‘आणि हिचा गेला, तरी हिला कामाला जुंपायचं?’

आई उठून गेली. जाऊ दे. माझा शब्द मी मागे घेणार नाही. कायद्यानं माझ्या नकाराला किंमत नाही म्हणे. नसू दे.

१९ मार्च

नर्स तिला कुशीवर वळवते. आधी सांगते, ‘वळवते हं बाई.’ मी विचारलं, कुणाला सांगता? ‘न सांगता अंगाला हात लावणं बरं नाही वाटत.’

बाहेर बाकावर तिचा नवरा होता. दाढी वाढलेली, शर्ट उलटा. ‘ताई, बाळाचं नाव तिनं ठरवलंय. मला सांगितलं नाही. तोंड बघून सांगते म्हणाली.’

भांडायला तोंड उघडलं होतं. त्याला म्हटलं, ‘आधी शर्ट सरळ घाला.’

२ एप्रिल

बाळाचं वजन वाढलं. आनंद झाला. मग त्या आनंदाचाच राग आला.

१४ एप्रिल

तिचा ताप उतरत नाही. उद्या सकाळी बाळाला बाहेर काढणार. बाळ थेट काचेच्या पेटीत आणि इकडे यंत्रं बंद. बंद करा म्हणून इतके दिवस मीच भांडले. आता डॉक्टरांच्या दारात उभी राहणार आहे. नाही म्हणतील, बाळाला तेवढा वेळ नाही म्हणतील, आणि ते खरंही असेल. तरी मागणार – लगेच बंद करू नका. तिचं अंग उबदार आहे तोवर बाळाला एकदा तिच्या छातीवर ठेवा.