पदराआडचे बोलणे

४ फेब्रुवारी १९७२, भिंगार
सूनबाईचे बोलणे मला समजेनासे झाले आहे! माझा मुलगा श्रीमंत हयात होता तेव्हा समजत असे. डिसेंबरात तो आघाडीवर पडला, लष्करी क्वार्टर सुटले, विजयमाला आमच्याकडे राहायला आली — आणि तिचे तमिळ वळणाचे मराठी मला दुर्बोध झाले. सौ. म्हणते, "अवो, तुमचं कान गेलं. पोरगी चांगली खडखडीत बोलती." पुराव्याविना हे मान्य नाही. सौ.चे बोलणे तर ती पाठमोरी असतानाही कळते.

९ फेब्रुवारी
तिचा भाऊ वेलूरहून तिला न्यायला येतो आहे. तिने राहावे अशी माझी इच्छा आहे. ती मी उच्चारणार नाही. सासऱ्याने 'राहा' म्हटले की ती आज्ञा ठरते. तिची इच्छा तिनेच बोलून दाखवावी. सौ. चिडली — "पोरीला राहा म्हनायला बी कोर्ट लागतंय व्हय?"

१४ फेब्रुवारी
विजयमाला दाराआड उभी राहून काही बोलली. पदर नाकापर्यंत ओढलेला. "पुन्हा सांग," म्हणालो. पुन्हा बोलली. आणखी एकदा सांगायला लावले. काही उमगले नाही. शोकातल्या मुलीला किती वेळा उभे करायचे? गप्प राहिलो. पाया पडून आत गेली. भाऊ परवा येणार, ती पाया पडली — तेव्हा निरोपच घेत होती, हे अनुमान उघड आहे.

१६ फेब्रुवारी
गेली.

२१ फेब्रुवारी
नगरला कानाच्या डॉक्टरांकडे. त्यांनी तोंडापुढे वर्तमानपत्र धरून मराठीत काही वाक्ये म्हटली, मी सगळी बिनचूक परत सांगितली. मग इंग्रजीत — पार धूसर! वर्तमानपत्र खाली घेतले, तेच वाक्य स्वच्छ ऐकू आले. म्हणाले, "वकीलसाहेब, कान थोडे गेलेत. आपल्या भाषेत राहिलेलं तुम्ही सवयीनं भरून काढता. परक्या उच्चाराला समोरच्याचं तोंड दिसावं लागतं."

शब्द हा केवळ कानाचा विषय, हे मी आजवर गृहीत धरले. क्वार्टरमध्ये असताना विजयमाला उघड्या चेहऱ्याने बोलत असे. तिच्या माहेरी सासऱ्यापुढे तोंड झाकण्याची रीत नाही. इथे आल्यावर सौ.कडे पाहून शिकली — आमचा मान राखावा म्हणून.

२२ फेब्रुवारी
सौ. तांदूळ निवडत होती. डॉक्टरांचे म्हणणे सांगितले. सूप तसेच हातात राहिले.

"म्हंजी, त्या दिशी तुमाला ऐकूच गेलं न्हाई?"

"नाही."

"मामंजी, मी हितंच राहू का, म्हनून इचारत हुती वो ती. तुमी आपलं पुन्हा सांग, पुन्हा सांग. मला वाटलं, कोर्टात साक्षीदाराला घोळात घेता तसं घेताय. तीनदा इचारलं पोरीनं. तीनदा."