बंद केलेल्या गोळ्या

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र भावोजी कामावर गेल्यावर वाच. एचआयव्हीच्या गोळ्या सुरू करून सात आठवडे झाले. ताप गेला, भूक परत आली, पँट पट्ट्याशिवाय राहायला लागली. पण एवढ्यावर खूश होऊ नकोस.

पंधरा दिवसांपासून अंगावर नायटा उठलाय. कमरेवर आधी एक फिकट डाग होता, तो कधी खाजलाही नव्हता. आता मांडीपासून पाठीपर्यंत लाल कडांची वेटोळी झालीत, आणि एक उजव्या मनगटावर. सलूनमध्ये हाच हात गिऱ्हाइकाच्या गालाशी असतो. काल एकजण अर्धी दाढी झाल्यावर मनगटाकडे बघत राहिला, बाकीची घरी करतो म्हणाला, आणि तसाच फेस पुसून उठला. आज मालकाने मला टॉवेल धुवायला बसवलं.

दुकानातून एक मलम आणलं होतं. चार दिवस बरं वाटलं, मग दुप्पट पसरलं. इतका आजारी होतो तेव्हा हे नव्हतं, म्हणजे हे गोळ्यांचंच काम. परवापासून त्या बंद केल्यात. तुझ्यापासून लपवावंसं वाटलं नाही, म्हणून कळवलं.

लोभ आहेच, तो या बातमीनंतरही राहू दे.

तुझा,
गुंड्या


६ मार्च

चि. गुंड्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र आज पोचलं. इस्पितळाच्या धोबीखान्यात मी इतकी वर्षं चादरींच्या घड्या घालते, पण आज पहिल्यांदा गठ्ठा घेऊन स्वतः वर गेले आणि त्वचेच्या डॉक्टरांना गाठलं. एका नातेवाइकाचं आहे म्हणून सांगितलं. त्यांनी कोणाचं ते विचारलं नाही.

ते म्हणाले, बुरशी अंगात आधीपासूनच होती. शरीर इतकं दमलं होतं की तिच्याशी भांडायचंही त्राण नव्हतं, म्हणून ती गुपचूप राहिली. गोळ्यांनी ताकद यायला लागली, शरीराने तिला ओळखलं, आणि आता हे लाल होणं, खाजणं म्हणजे ती झुंज आहे. काही जणांना सुरुवातीच्या महिन्यांत असं होतं. बुरशीवर वेगळं औषध मिळतं, पण मूळ गोळ्या स्वतःच्या मनाने सोडणं फार धोक्याचं. आणि ते मलम आधी फेकून दे. खाज दाबणारी तसली मलमं बुरशीला मोकळं रान देतात.

टपालाने पत्र पोचायला तीन दिवस लागतात. तेवढा धीर मला नाही. म्हणून यांना सगळं सांगितलं. तुला दिलेला शब्द मोडला, त्याबद्दल हवं तर भांड. यांनी ऐकून घेतलं आणि बूट घालायला लागले. पत्र त्यांच्याच हाती देते आहे. ते म्हणतील ते ऐक.

जीव टांगणीला आहे, दोन ओळी तरी लिही.

तुझी,
ताई


२१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भावोजी दारात दिसले तेव्हा मला पळून जावंसं वाटलं. त्यांनी तुझं पत्र दिलं, मी वाचेपर्यंत उभेच राहिले, आणि मग दवाखाना कुठे आहे एवढंच विचारलं.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी आधी खरडपट्टी काढली. मग पात्याने मनगटावरचा कोंडा काचेवर खरवडून घेतला. त्यांचा हात इतका हलका की मीही पाहत राहिलो. सूक्ष्मदर्शकातून बुरशीचे तंतू मला दाखवले. रक्तातल्या लढणाऱ्या पेशींचा आकडा सुरुवातीला अठ्ठावन्न होता, आता एकशे एकाहत्तर आहे. बाकीच्या गोळ्यांशी जमतील अशा बुरशीच्या गोळ्या दिल्या आणि नेहमीच्या गोळ्या त्याच दिवशी पुन्हा सुरू करायला लावल्या. भावोजींनी पाण्याचा ग्लास धरला होता. मी गिळेपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही.

आता खाज कमी आहे, कडा बसतायत. त्वचा साफ होईपर्यंत वस्तऱ्याला हात लावायचा नाही. मालकाला नायट्याचं सांगितलंय. बाकीचं सांगायला अजून धीर होत नाही.

एक गोष्ट भावोजींनी तुला सांगू नको म्हणून बजावलं होतं, तरी सांगतो. बसची वाट पाहताना मी त्यांची माफी मागायला लागलो, तर त्यांनी थांबवलं. म्हणाले, आजार कळवणारं माझं डिसेंबरचं पत्र तुझ्या कामाच्या पिशवीतून पडलं होतं, तेव्हाच त्यांनी वाचलं. तू आपणहून सांगशील म्हणून ते तीन महिने थांबले. त्या दिवशी तू सांगितलंस तेव्हा पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा ठेवणं त्यांना फार जड गेलं, म्हणून ते बुटांकडे वळले.

त्यांच्यावर रागावू नकोस. आम्हा दोघांवरही अशीच माया असू दे.

तुझा,
गुंड्या