सातवी आणि आठवी बुश

अण्णा, मनमाडच्या त्या शिसवी पलंगाबद्दल तुम्हाला सांगायचं राहून गेलं. तो रेल्वेतल्या साहेबांचा होता. दर दोन-तीन वर्षांनी बदली व्हायची, म्हणून त्यांना सुटा होणारा पलंग हवा होता. पुन्हा पुन्हा उघडला की लाकडातला स्क्रू ढिला पडतो, म्हणून तुम्ही पायांमध्ये पितळी बुश, म्हणजे आट्यांची छोटी पोकळ नळी, बसवत होता. तिचे बाहेरचे आटे लाकडात रुततात, आतल्या आट्यांत बोल्ट बसतो. चार पाय, प्रत्येकात दोन, म्हणजे आठ.

मी सासर सोडून परत आले आणि पेठ रोडच्या आपल्या शेडमध्ये तुमच्याशेजारी उभी राहिले, त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. माझी पहिली बुश अर्ध्यात अडली होती आणि मी सरळ हातोडी मारली होती. पाय वरपासून खालपर्यंत चिरला. तुम्ही ओरडला नाहीत. चिरलेला पाय माझ्या हातात देऊन म्हणालात, "घाई तुला आहे, लाकडाला नाही." मग दाखवलंत, आधी पोलादी बोल्टाने भोकात आटे पाडायचे, मग बुशला मेण लावून बेताबेताने फिरवत न्यायची. तुमची बुश थांबायची तेव्हा तिच्या तोंडावरची पेचकसाची खाच बरोबर लाकडाच्या रेषांच्या दिशेने यायची. माझी कधीच यायची नाही, शिवाय भोकाची कड जराशी उडायची. आजही उडते.

सहा बुश झाल्या आणि तुम्ही पाणी मागितलंत. मी तांब्या घेऊन आले तेव्हा तुम्ही फळीला टेकून बसला होता, आणि गेला होता.

शेडला मी कुलूप लावलं. किल्ली माझ्याच कमरेला. चौदाव्या दिवशी सकाळी कुलूप काढते, तर चौथा पाय जिथे होता तिथेच आहे, पण त्यात दोन बुश आहेत. खाली शिसवाचा ताजा भुसा. मेणाचा वास. मी हात लावला नाही. पायांवर पोतं टाकलं आणि दाराबाहेर येऊन बसले. साहेबांची माणसं आली, त्यांनीच पलंग टेम्पोत चढवला. कुणाला काही बोलले नाही.

सहा वर्षांनी तो पलंग पॉलिशसाठी परत आला. आता शेडमध्ये मी एकटीच होते, भर दुपार होती. बोल्ट काढले आणि चौथा पाय उजेडात धरला. दोन्ही खाचा रेषांच्या दिशेने होत्या, अगदी तुमच्यासारख्या. आणि दोन्ही भोकांच्या कडा उडालेल्या होत्या.

घरी येऊन आईला विचारलं, त्या चौदा दिवसांत शेडमध्ये कोण गेलं होतं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तूच गेली होतीस की. दहाव्याच्या दुपारी. मी हाक मारली, वळली नाहीस. तुझ्या मागोमाग शेडपर्यंत आले."

"मग आत का नाही आलीस?"

"तू बोलत होतीस त्यांच्याशी. मध्येच थांबायचीस, हं म्हणायचीस, परत बोलायचीस. मला ऐकू आलं ते तुझंच. त्यांचं नाही आलं. म्हटलं, आपण नको मध्ये."

अण्णा, त्या दुपारचं मला काहीसुद्धा आठवत नाही. चटईवर पडले होते आणि संध्याकाळी उठले, एवढंच. मी माझ्या हातांकडे बघत राहिले. आईने मेथीची जुडी खाली ठेवली. सहा वर्षं तिने हे पोटात ठेवलं होतं, आणि आता ती माझ्याकडे अशी बघत होती, की मला नजर हलवता येईना.

"काय म्हणाले गं ते?"

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. कारण मी तिला म्हणाले, "तू जेवलीस का, ते विचारत होते." तेवढं एक वाक्य मी तुमच्या तोंडी घातलं. ती त्यानंतर रोज वेळेवर जेवते.