फिनाईल ओतलेली माती

रावपुरा, बडोदे
१९ जानेवारी १९९९

प्रिय अवनी,

तू टोरांटोला जाऊन बसलीस आणि फत्तेसिंहकाका माझ्या एकटीच्या पदरात पडले. माझे सख्खे काका, म्हणून ओरडताही येत नाही. त्यांच्या बंद पडलेल्या ट्रक-गॅरेजातली डिझेलची टाकी वर्षानुवर्षं जमिनीत झिरपत होती. तू जायच्या आधी ती माती उपसून आपण दोघींनी ढीग घातला, तिच्यातलेच डिझेल खाणारे जिवाणू कॉलेजच्या लॅबमध्ये वाढवले आणि परत तिच्यात सोडले. त्यांना लागतं तरी काय? ओल, हवा आणि थोडा युरिया. पण दिवाळीत मी चार दिवस पुण्याला गेले, तर काकांनी ढिगावर डबाभर फिनाईल ओतलं! म्हणे, "जंतू ते जंतूच, मृदुला." मी कपाळाला हात लावला. पुन्हा पहिल्यापासून वाढवले, पुन्हा सोडले. आता थंडीत त्यांचं काम रेंगाळलंय, तर काका रोज फोनवर विचारतात, "तुझी मंडळी जेवली का?"

गॅरेजला लागून जिजाबाईंचं घर आहे. त्या विहिरीतून कळशी काढतात, पाण्यावरचा रंगीत तवंग बघतात आणि ओतून देतात. खालची माती स्वच्छ होईस्तोवर हे असंच चालणार, हे त्यांना किती वेळा सांगू? मला बघितलं की विचारतात, "आता प्यायचं का, बाई?" चिडताही येत नाही गं.

काल काका कागद घेऊन आले. जागा विकायचीय, आणि घेणाऱ्याला माती स्वच्छ झाल्याचं लेखी हवंय. खाली माती साफ करणाऱ्या आपल्या दोघींच्या सह्या. एक झालेली होती. तुझी! मृदुलाची हरकत नाही असं त्यांनी तुला परस्पर कळवलं म्हणे, आणि तू सही करून पाठवलीस. अगं, मला एक फोन करायचास! ढिगात अजून मूळच्यापैकी तिसरा हिस्सा डिझेल आहे. उन्हाळा लागला की तेही जाईल, पण थांबायला कुणी तयार नाही. "सही कर बेटा, बाकी बधुं चालशे," म्हणाले, म्हणजे बाकी सगळं चालून जाईल. मी कागद परत केला. काका भरल्या ताटावरून उठून गेले; आईही माझ्याशी बोलत नाहीये.

पंधरा फेब्रुवारीला साटेखत आहे. त्याआधी सही मागे घेतल्याचा फॅक्स कर, एवढ्यासाठी हे पत्र. काका जिना उतरत होते तेव्हा मी वरून ठणकावून सांगितलं, अवनीसुद्धा सही मागे घेणार आहे. तुला न विचारताच सांगितलं. मला खोटं पाडू नकोस.

वैतागलेली, तरी तुझीच,
मृदुला