थोरलीचा कलप

॥ श्री ॥

जबलपूर
६ सप्टेंबर १९८६

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

राखीनंतरचं तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, पण बातम्या दोन आहेत, तेव्हा रागावू नकोस.

पहिली बातमी, आपल्या शैलेंद्राच्या ज्योतीचं लग्न ठरलं. मुलगा रांझीचा, तिथल्या कारखान्यात इंजिनियर आहे. माणसं आपल्यातलीच, तीन पिढ्या जबलपुरात आहेत. घरात मराठी बोलतात आणि भांडण हिंदीत करतात. डिसेंबरचा पहिला आठवडा धरला आहे. मानपानाची बोलणी चालली असताना विहीणबाईंनी विचारलं की नवरीच्या आजीला आमच्याकडून लुगडं द्यायचं असतं, ते आजेचीर कुणाच्या हाती द्यायचं, कारण मुलीची आजी तर नाही. शैलेंद्राने क्षणाचाही विचार केला नाही. म्हणाला, आई मला जन्म देऊन गेली, वाढवलं ते थोरल्या ताईने, आजीच्या जागी तीच. हे ऐकून त्याच्या हेमलताच्या डोळ्यांत पाणी आलं. नणंदांच्या नावाने तिच्या डोळ्यांत पाणी येतं ते सहसा वेगळ्या कारणाने, पण या वेळी खरं होतं. तेव्हा आजेचीर तुझं.

दुसरी बातमी माझ्या डोक्यावर आहे. उन्हाळ्यापासून मी कलप बंद केला. दर दुसऱ्या रविवारी डोक्याला चिखल थापून, जुन्या पातळात, दाराला कडी घालून बसायचा कंटाळा आला. दार वाजलं की चोरासारखं गप्प राहायचं, आणि बाहेर दूधवाल्यालासुद्धा ठाऊक की बाई आत काय करून राहिल्या. सध्या केस मुळाशी पांढरे, मध्ये तांबडे आणि टोकाला काळे आहेत. शैलेंद्र म्हणतो, घरात तिरंगी मांजर फिरतं.

बढत्या मात्र भराभर मिळाल्या. ओमतीच्या बाजारातला दुकानदार होळीपर्यंत मला दीदी म्हणत होता, शाळा उघडल्या तेव्हा आंटी झाले, आणि परवा त्याने माताजी म्हणून बसायला स्टूल दिलं. लग्नपत्रिकेत कुमारी विनता छापायची की माताजी, ते आता शैलेंद्रालाच ठरवू दे. काल शाळेत शिक्षकदिन होता. मुलींनी सर्वांत वडील शिक्षिका म्हणून शाल-श्रीफळ माझ्या हातात ठेवलं. मुख्याध्यापिका माझ्याहून मोठ्या, पण केस कोळशासारखे, त्यामुळे त्यांना नुसत्या टाळ्या वाजवाव्या लागल्या. आज त्यांनी माझ्या हजेरीपटात चुका काढल्या.

उद्या गणपती. शरच्चंद्र भाऊजींना नमस्कार. निवृत्त गणितमास्तर घरात काय काय मोजत असतात, ते कळव. माया आहे तशीच राहू दे.

तुझी
विनता


॥ श्री ॥

नागपूर
१७ सप्टेंबर १९८६

चि. विनतास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ज्योतीची बातमी वाचून देवापुढे साखर ठेवली. तुझी दुसरी बातमी वाचल्यावर ती परत उचलावीशी वाटली.

मला स्वतःला काही नाही. ज्याचे केस त्याच्या डोक्यावर. पण ज्योतीचा विचार केलास का? सख्खी आत्या तिरंगी डोकं घेऊन मांडवात हिंडली की लोक म्हणणार, या घराण्यातल्या मुली लवकर पिकतात. विहीण उद्या पोरीच्या भांगात शोधायला लागेल. शिवाय शैलेंद्राचं ब्लडप्रेशर. शिवाय आमच्या शेजारच्या नंदाताई सांगत होत्या की पांढऱ्या केसांच्या डोक्याला थंडी जास्त वाजते, आणि तुमच्याकडे डिसेंबर कडक असतो.

आता आडपडदा नको. यांना सांगितलेलं माझं वय तुला ठाऊक आहे. आई गेल्यावर तुम्हां दोघांना वाढवण्यात मी तिशी गाठली, घोडनवरीला स्थळ मिळेना, म्हणून बाबांनी बोलणी करताना सहा वर्षं खाली उतरवली. कानशिलं तेव्हाच पिकायला लागली होती. हळदीच्या आदल्या दिवशी बाबांनी कलपाची पुडी आणून माझ्या हातात दिली आणि माझ्याकडे न बघता अंगणात निघून गेले. तेव्हापासून एक पंधरवडा चुकला नाही. त्या हिशेबाने तू माझ्याहून एकाच वर्षाने लहान आहेस. मांडवात वर्षाने धाकटी म्हातारी आणि थोरली काळीभोर, हे जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाच्या लक्षात यायला किती वेळ लागेल?

तेव्हा थोरली म्हणून सांगते, आज्ञा समज. लग्नाआधी केस काळे झालेले हवेत. ओळखीचे शालिग्रामजी पुढल्या आठवड्यात तिकडे निघाले आहेत, त्यांच्याबरोबर कलपाच्या पुड्या पाठवते. वर मसाला असं लिहिलं आहे.

आजेचिराचं वाचून मी रात्री जेवले नाही. भूक होती, पण पानावरून उठून तुझं पत्र पुन्हा वाचत बसले. शैलेंद्राला सांगू नकोस. तब्येतीला जप आणि या बहिणीवर राग धरू नकोस.

तुझी
ताई


॥ श्री ॥

जबलपूर
२ ऑक्टोबर १९८६

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मसाला पोचला. हेमलता तो भरल्या वांग्यांत घालणार होती. आधी वास घेतला म्हणून कुटुंब वाचलं. आता पुड्या शैलेंद्राने मागून घेतल्या आहेत. त्याला मांडवात ज्योतीचा बाप दिसायचं नाही म्हणे, मोठा भाऊ दिसायचं आहे. तेव्हा तुझा कलप घराण्यातच लागला, वाया गेला असं समजू नकोस.

तुझी सहा वर्षं मला चांगली आठवतात. लग्नानंतर वर्षभरातच राज्यपुनर्रचना झाली. नागपूर तिकडे गेलं, जबलपूर इकडे राहिलं, ती सहा वर्षं मात्र कुठल्याच राज्याच्या वाट्याला आली नाहीत. ताई, तुला एकाच वेळी दोन गोष्टी हव्या आहेत. हुकूम सोडायला थोरली आणि फोटोत धाकटी. विहीणबाईंनी तुला अजून पाहिलेलं नाही. थोरल्या आत्याला आजेचीर द्यायचं, एवढंच त्यांना माहीत आहे. आजीच्या जागी बसायचं तर थोडं आजीसारखं दिसावं लागेल, ही भीती मला आहे, तुला कशी नाही?

भाऊजींना सांगून का टाकत नाहीस? एकतीस वर्षं वापरलेली बायको कुणी परत करत नाही.

मी कलप लावणार नाही. माझ्या डोक्याने तुझं वय उघडं पडत असेल तर डोक्यावर पदर घेऊन बसेन. याहून जास्त मला जमणार नाही. चूक वाटली तर पोटात घाल.

तुझी
विनता


नागपूर
१२ ऑक्टोबर १९८६

चि. विनतास आशीर्वाद.

घरात कार्डच होतं म्हणून थोडक्यात. कार्ड पोस्टमन वाचतो आणि त्याच्याआधी, टाकायला नेताना, हे वाचतात. तेव्हा त्या विषयावर काही लिहीत नाही. जिचं लग्न झालं नाही तिने नवऱ्यांविषयी खात्रीने बोलू नये, एवढंच. पदर घे, आणि फोटो काढताना माझ्या शेजारी उभी राहू नकोस. लुगड्याचा रंग त्या लोकांनी ठरवला नसेल तर जांभळा सुचव. लोभ कमी होऊ देऊ नये.

ताई


रांझी
१८ डिसेंबर १९८६

प्रिय मोठी आत्या,
चरणस्पर्श.

माझी मराठी वाचून हसू नको. बोलून तर घेते, पण लिहायला बसली की हिंदी मध्ये मध्ये घुसून जाते. इकडे सगळे चांगले आहेत. घर क्वार्टरचं आहे, सकाळी भोंगा वाजला की सगळी गल्ली सायकलवर निघते.

तू लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीने निघून गेली, मला भेटली पण नाही. मला वाटून राहिलं की तू माझ्यावर नाराज आहे. एक गोष्ट मला समजून नाही राहिली, म्हणून विचारते.

इकडच्या मम्मीजी आजेचिराचं ताट घेऊन आल्या तेव्हा तुम्ही दोघी सोबत बसल्या होत्या. छोट्या आत्याने डोक्यावर पदर घेतला होता, पण समोरून सगळं पांढरं दिसत होतं, आणि पदरामुळे तर ती पूरी आजीच वाटत होती. मम्मीजींनी जांभळं लुगडं सरळ तिच्या मांडीवर ठेवलं आणि पाया पडल्या. छोटी आत्या म्हणाली की हे माझं नाही, ताईचं आहे, ती थोरली. तर मम्मीजी हसल्या. म्हणाल्या, काहून मजाक करता, ह्या तर तुमच्या लेकीच्या वयाच्या दिसतात. सगळ्या बाया पण हो हो म्हणू लागल्या. पप्पा बोलायला उठले होते, पण समोर फूफाजी (मराठीत आत्योबा म्हणतात ना?) बसले होते, त्यांना पाहून पप्पा परत खाली बसले. मग सगळे तुझ्याकडेच पाहून राहिले. तू फूफाजींकडे पाहिलं आणि हसून म्हणाली की बरोबर आहे, तिलाच राहू द्या. मम्मीजींनी तुला धाकट्या आत्यांना देतात तो नारळ आणि ब्लाउजपीस दिला. तू घेतला. मग तू जेवली नाही, म्हणाली डोकं दुखते.

ते लुगडं तुझं होतं ना? पप्पांनी तर लहानपणापासून आम्हाला सांगितलं की आमची आजी म्हणजे तूच. मग काहून नाही घेतलं? छोट्या आत्याला विचारलं तर ती म्हणाली, ताईलाच विचार.

आणि हो, मम्मीजी विचारत होत्या की तू केसांना काय लावते. मी सांगितलं, फक्त आवळा.

फूफाजींना प्रणाम. मला आधीसारखंच आपली समजत राहा.

तुझी
ज्योती


॥ श्री ॥

जबलपूर
२९ डिसेंबर १९८६

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ज्योतीने तुला लिहिल्याचं कळलं. मी इतके दिवस लिहिलं नाही कारण राग होता. अजून आहे, पण थोडा निवला.

जी स्तुती ऐकायला तू जन्मभर कलप लावलास, ती भर मांडवात मिळाली. त्या वेळी तुझा चेहरा मी पाहिला. आई गेली त्या दिवशी चुलीपुढे बसली होतीस, तसा झाला होता. आणि तरी तू हसून ते लुगडं मला देऊन टाकलंस. पंगत उठेपर्यंत मी ते मांडीवर घेऊन बसले होते. बायका येऊन पाया पडत होत्या आणि मी, जिला तू वेण्या घातल्यास, गोवरात जिच्या उशाशी रात्रंदिवस बसलीस, ती मी तुझ्यादेखत त्यांना आशीर्वाद देत होते. मला फार लाज वाटली, ताई.

ती जागा तू कमावलेली आहेस. सहा वर्षांच्या थापेपायी ती सोडून द्यायला मी तुला परवानगी देत नाही. लुगडं पार्सलने पाठवते आहे. भाऊजींना खरं सांगून नेस. सांगायचं नसेल तर ओमतीला स्वस्त मिळालं म्हण आणि ट्रंकेत टाक. पण मग यापुढे मी तुला प्रमोदिनी म्हणेन, कारण वर्षाने मोठ्या बहिणीला नावानेच हाक मारतात.

सोबत पनागरचा मटार आहे, लगेच सोलून ठेव. रागातही माया असते, ती ओळखून घे.

तुझी
विनता


॥ श्री ॥

नागपूर
१६ जानेवारी १९८७

चि. विनतास,
अनेक उत्तम आशीर्वाद. तिळगूळ घे.

पार्सल यांनीच उघडलं. मटार माझ्यापुढे ओतला आणि लुगडं हातात धरून विचारलं की हे तर विनताला मिळालं होतं, इकडे कसं आलं. ओमतीची थाप माझ्या जिभेवर तयार होती. पण तोंडातून निघालं ते असं, की ते माझं आहे, थोरली मी आहे, तुम्हाला सांगितलं त्याहून सहा वर्षांनी थोरली आहे. यांनी लुगडं नीट घडी करून बाजूला ठेवलं, सोलायला बसले, आणि मान वर न करता म्हणाले, माहीत आहे.

लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत मी त्यांना एकोणचाळीस सालच्या त्रिपुरीच्या काँग्रेस अधिवेशनाची गोष्ट सांगितली होती. ती हत्तींची मिरवणूक, आणि शैलेंद्राला कडेवर घेऊन, तुझा हात धरून मी गर्दीत कशी उभी होते. तुला ठाऊक आहे, ही गोष्ट मी अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, कारण तुम्हां दोघांना मी वाढवलं हे लोकांना कळावं असं मला वाटतं. मास्तरांनी त्याच दिवाळीत वजाबाकी केली. सांगितलेल्या वयाने त्या दिवशी मी आठ वर्षांची, तू सात, आणि कडेवर वर्षाचं पोर. म्हणाले, आठ वर्षांच्या मुलीच्या कडेवर एवढं पोर टिकत नाही.

मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत. तर म्हणाले की ती वर्षं तू भावंडांना देऊन टाकली होतीस, तुझ्या बाबांनी ती धरली नाहीत, मलाही ते बरोबरच वाटलं. विनता, या माणसाने मला कधी पातळ शोभतं असंसुद्धा म्हटलेलं नाही. मी खूप रडले. त्या दिवशीची उसळ खारट झाली होती, हे ते अजून ऐकवतात.

नंतर त्यांनी चाचरत एक विनंती केली. मला शोभेलसं दिसावं म्हणून ते कित्येक वर्षं माझ्याच पुडीतला कलप मिशांना लावत आले आहेत, तर आता बंद केला तर चालेल का. पुडी लवकर का संपते, हे मी कामवाल्या शकूला विचारत होते. बिचारीवर उगीच आळ घेतला.

आता दोघांचाही बंद आहे. माझ्या भांगात पांढरी रेघ आली आहे आणि यांच्या मिशा दोन राज्यांत वाटल्यासारख्या दिसतात. काल हळदीकुंकवाला नंदाताईंनी हळूच विचारलं, घरात कुणी आजारी आहे का. थंडी मात्र खरंच जास्त वाजते. ज्योतीला मी वेगळं लिहिलं आहे, आणि उरलेल्या पुड्या तिच्या सासूबाईंना पाठवते आहे. आवळा आहे असं सांग.

होळीला आम्ही दोघं येतो आहोत. मी जांभळं लुगडं नेसून येईन. विहीणबाईंना बोलावून घ्या, पाया पडायचं राहिलं आहे त्यांचं. तुझा जीव माझ्यावर आहे, तो असाच असू दे.

आणि फोटोवाल्याला सांगून ठेव. या वेळी माझ्या शेजारी उभी राहा. पण अर्धं पाऊल मागे. थोरली मी आहे.

तुझी
ताई