भावात बदल नाही

प्रिय गादीवाल्या,

अक्षर ओळखलंस का? तुला पत्र लिहून तीस वर्षं झाली. फोनवर मात्र आपण दर महिन्याच्या सात तारखेला भेटतो, आणि तेही अगदी अहो-जाहो करत. मी सरकारी कचेरीतली आकडेवाली, तू आमच्या यादीतला कारखानदार. मी विचारते, मोठी गादी कारखान्यातून निघते तेव्हा तिचा भाव काय? तू सांगतोस, इतका वाढला किंवा बदल नाही. मी आभार मानते. दीड मिनिटात आटोपतं सगळं. अकरा वर्षांची बेरीज केली तर आपण जेमतेम सव्वातीन तास बोललोय.

लोकांना माझं काम रुक्ष वाटतं. मला ते कधी वाटलं नाही. दुपारी कचेरी पेंगायला लागली की मी तक्त्याकडे बघत बसते आणि मला तो भाव चालताना दिसतो. कापूस महागला की आधी तुम्हा लोकांचं दार वाजतं, दोन-तीन महिन्यांनी दुकानाचं, आणि सगळ्यात शेवटी कुणाच्या तरी झोपायच्या खोलीचं. हात आखडला म्हणून माणसं जेवायची थांबत नाहीत, पण गादी घ्यायची थांबतात. जुनीच पालथी घालून आणखी एक वर्ष काढतात. आमच्या कागदावर ती नुसती खाली वळलेली रेघ असते. मला मात्र हजारो घरांतल्या पालथ्या गाद्या दिसतात आणि त्यांवर पडून छताकडे बघणारी नवरा-बायको दिसतात. साहेब विचारतात, बाई, तंद्री लागली का? मी हो म्हणते, खोटं कशाला बोला.

तुझ्या आवाजामागे कापूस पिंजायच्या यंत्राची घरघर असायची. भाव टिपून झाला तरी ती ऐकायला मी फोन अंमळ उशिरानेच ठेवायचे. गेले चार महिने ती घरघर नव्हती. एकदा तर तुझ्या खोलीत पाखरू ओरडलेलं स्पष्ट ऐकू आलं. यादीतल्या बाकी नऊही कारखान्यांनी भाव वाढवले आणि तू आपला शांतपणे म्हणत राहिलास, बदल नाही.

परवा स्वतःसाठी गादी घ्यायला गेले. तुझ्याच हातची हवी होती. दुकानदार म्हणाला, बाई, त्यांना कारखाना बंद करून चार महिने झाले, हल्ली गाद्या घेतंय कोण? मी दुसऱ्याच कुणाची तरी गादी उगाच दाबत उभी राहिले. आधी तुझा राग आला. बनत नसलेल्या गादीचा भाव सांगून तू देशाच्या आकड्यात केसभर का होईना, खोट घातलीस. मग घरी येताना उमगलं. कारखाना बंद झाला की नाव यादीतून जातं आणि फोन थांबतो, हा नियम पहिल्याच वर्षी मीच तुला सांगितला होता.

आणि मी तरी कुठे धुतल्या तांदळासारखी आहे? उत्पादन चालू आहे का, हा आमच्या फॉर्मवरचा दोन नंबरचा प्रश्न. चारही वेळा तो मी तुला विचारलाच नाही आणि स्वतःच 'हो'वर खूण केली. कुंपणानेच शेत खाल्लं म्हण. आज साहेबांना सगळं सांगितलं. ते चांगलेच रागावले. मग आम्ही दोघांनी बसून चार महिन्यांचे आकडे दुरुस्त केले आणि तुझा क्रमांक मी माझ्या हाताने खोडला.

म्हणून हे पत्र. येत्या सातला तू त्या रिकाम्या खोलीत फोनजवळ बसशील आणि तो वाजणार नाही, हे मला सहन होईना. तीस वर्षांपूर्वी तू लग्नाचं विचारलंस, मी 'बघू' म्हणाले आणि नोकरीच्या गावी निघून आले. ते बघायचं राहूनच गेलं. तूही एकटा राहिलास, मीही. सातला सकाळच्या गाडीने मी येते आहे. माझं उत्तर हो आहे. इतक्या वर्षांत तुझं मन बदललं असेल तर तसं सांग, मी चहा पिऊन परत जाईन. पण या वेळी खरं सांग.

तुझीच,
आकडेवाली